सात नंबर स्क्वाड्रन, हलवारा, सप्टेंबर १९६५: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतक्या स्क्वाड्रन असताना सातच का? आणि १९६५च का?

१९६५च्या हवाई युद्धाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास निघतात. एक, आपल्या चिमुकल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर विमाने पाडल्याची. दुसरी, पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलमने मिनिटभरात आपली पाच हंटर विमाने पाडल्याची. ते पाच हंटर ज्यांचे म्हणून सांगितले जातात, त्यांत भारतीय वायुदलाची सात नंबर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांचे पथक, येते. पण तिची ओळख तेवढ्यावरच संपते. पाच हा आकडा लोकांना पाठ असतो. ७ सप्टेंबरच्या त्या सकाळी जे खरोखर परत आले नाहीत त्यांची नावे मात्र सहसा कुणाला सांगता येत नाहीत. माझ्या मनात हे अनेक वर्षे सलत आले आहे. म्हणून ही प्रश्नोत्तरे. यात या युद्धात स्क्वाड्रनने गमावलेल्या वैमानिकांची पाच नावे येतील, रावली, भागवत, ब्रार, बुनशा आणि चटर्जी. वाचताना त्यांच्यापाशी थोडे थांबा.

स्क्वाड्रन कधी उभी राहिली?

१ डिसेंबर १९४२ रोजी विशाखापट्टणमला, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. पहिले विमान व्हेंजन्स. शत्रूवर जवळजवळ उभा सूर मारून बाँब टाकायचा, हे त्याचे काम. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्क्वाड्रनने ते चोख बजावले. त्या काळात तिचे नेतृत्व करणाऱ्यांत प्रतापचंद्र लाल होते, जे १९६५च्या युद्धात वायुदलाचे उपप्रमुख आणि १९७१च्या युद्धात प्रमुख होते. पुढे स्पिटफायर, टेम्पेस्ट, व्हॅम्पायर असे टप्पे घेत पन्नासच्या दशकाच्या अखेरीस हंटर आले. स्क्वाड्रनचे नाव ‘बॅटल ॲक्सेस’, म्हणजे युद्धातले परशू.

हंटर विमान कसे होते? सेबरपेक्षा चांगले की वाईट?

याचे एका शब्दात उत्तर नाही. हंटर दणकट विमान. इंजिन रोल्स-रॉइसचे एव्हन, वेग ध्वनीच्या किंचित खाली, वर चढण्यात सेबरला मागे टाकणारे. नाकाखाली तीस मिलिमीटरच्या चार एडन तोफा. सेबरवर सहा मशीनगन असत, पण त्यांच्या गोळ्या लहान. हंटरचा एखाददुसरा गोळा जरी नीट बसला, तरी समोरच्या विमानाचे काम तमाम.

या चार तोफांची एक गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. तोफा आणि त्यांच्या गोळ्यांच्या माळा मिळून एकच पेटी होती. विमान उतरले की खालचे कर्मचारी ती रिकामी पेटी पोटाखालून सोडवून काढत आणि भरलेली दुसरी तिथे चढवत. एकेक तोफ भरत बसायचे नाही. प्रत्येक तोफेला साधारण दीडशे गोळे, म्हणजे घोडा दाबून धरला तर सगळा माल सात-साडेसात सेकंदांत संपणार. म्हणून वैमानिक अर्ध्या-एका सेकंदाचे तुटक फटके मारत.

सेबरचा जोर मात्र वळण्यात. वेग कमी झाला की सेबर हंटरच्या आत वळून त्याची शेपटी धरू शके. त्यातून काही सेबरना साइडवाइंडर क्षेपणास्त्रे होती, आपल्या हंटरना तसे काही नव्हते. हंटरवाल्याने वेग राखून लढावे आणि वळणांच्या फेऱ्यात सापडू नये, हा साधा नियम. पण जमिनीलगत, अंगावर टाक्या आणि रॉकेट लटकलेली असताना मागे अचानक शत्रू दिसला, की नियम पाळायला वेळ कुठला?

६ सप्टेंबरला हलवाऱ्यावर नेमके काय झाले?

आधी त्या दिवसाची मांडणी. १ सप्टेंबरला पाकिस्तानने जम्मू-काश्मीरमधल्या छांबमध्ये रणगाडे घातले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी वायुदल वापरायची परवानगी काही मिनिटांत दिली आणि त्याच संध्याकाळी आपली जुनी व्हॅम्पायर विमाने छांबवर गेली. त्यातली चार आपण गमावली. ६ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. आता युद्ध काश्मीरपुरते राहिले नव्हते.

हलवारा हा लुधियानाजवळचा तळ. तिथे हंटरच्या दोन स्क्वाड्रन होत्या, ७ आणि २७. सातचे प्रमुख विंग कमांडर झकारिया. त्या दिवशी सातच्या विमानांना जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करायला पाठवले जात होते. संध्याकाळी अशीच एक तुकडी तरनतारनच्या परिसरात असताना आलमच्या सेबर तुकडीशी तिची गाठ पडली. ही सेबर खरे तर आदमपूरवर निघाली होती. खालच्या उंचीवरच झटापट झाली आणि तीत स्क्वाड्रन लीडर ए. के. रावली धारातीर्थी पडले. या युद्धात स्क्वाड्रनने गमावलेला पहिला वैमानिक.

हे होते न होते तोच तिन्हीसांजेला हलवाऱ्यावरच हल्ला आला. पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तीन तळांवर एकाच वेळी घाला घालायचा, असा पाकिस्तानचा बेत होता. पठाणकोटला तो साधला, तिथे आपली दहाच्या आसपास विमाने जमिनीवरच नष्ट झाली. हलवाऱ्याकडे तीन सेबर आली. पुढे स्क्वाड्रन लीडर सर्फराज रफीकी, सोबत सेसिल चौधरी आणि युनूस हुसेन.

तळावर पहारा देणारी सातची दोन हंटर हवेत होती. फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे आणि फ्लाइंग ऑफिसर ए. आर. गांधी. रफीकीने पिंगळ्यांचे विमान टिपले, पिंगळे आसनासकट बाहेर पडले. गांधी वळून सेबरच्या मागे लागले आणि त्यांनी गोळ्या घातल्या, पण त्यांच्याही मागे सेसिल होता. गांधींचे विमानही गेले, तेही पॅराशूटने उतरले. आपल्याच तळाच्या डोक्यावर, आपल्याच माणसांच्या नजरेसमोर.

तेवढ्यात २७ स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट डी. एन. राठोड आणि फ्लाइंग ऑफिसर व्ही. के. नेब आले. अंधार पडत चालला होता. दोघांनी दोन सेबर पाडली. रफीकी आणि युनूस हुसेन दोघेही गेले, सेसिल चौधरी एकटा परतला. गांधी, राठोड आणि नेब या तिघांनाही वीर चक्र मिळाले.

आसनासकट बाहेर पडणे म्हणजे प्रत्यक्षात काय?

हंटरमध्ये मार्टिन-बेकरचे आसन असे. डोक्याच्या वर एक मूठ. दोन्ही हातांनी ती धरून खाली ओढायची, की तिच्याबरोबर कापडाचा एक पडदा तोंडावर उतरतो आणि आसनाखालचा दारूचा बार उडतो. वाऱ्याच्या झोताने चेहरा फाटू नये म्हणून तो पडदा. पण पडदा उतरला की डोळ्यांपुढे अंधारच. विमान पेटले आहे, जमीन काही शे फुटांवर आहे आणि माणूस स्वतःच्या हाताने डोळे झाकून घेतो. पाठीच्या मणक्याला बसणारा हिसका वेगळाच. तो प्रसंग नुसता कागदावर वाचतानासुद्धा माझे हात आवळतात.

रफीकी शत्रूचा. त्याच्याबद्दल एवढ्या आदराने का लिहिता?

कारण तो त्याला पात्र आहे. पाकिस्तानी वृत्तांतानुसार पहिले हंटर पाडल्यावर रफीकीच्या तोफा अडकल्या. तेव्हा निघून जायला तो मोकळा होता. त्याने पुढारपण सेसिलकडे दिले आणि स्वतः मागे राहून त्याची पाठ राखली, हातात हत्यार नसताना. पाकिस्तानने शोरकोटच्या तळाला त्याचे नाव दिले आहे. आपल्या वैमानिकांनी कुणाशी झुंज दिली हे समजून घ्यायचे, तर समोरचा किती तयारीचा होता हे सांगायलाच हवे.

दुसऱ्या दिवशी सरगोध्यावर गेलेल्या तुकड्यांचे काय झाले?

सरगोधा म्हणजे पाकिस्तानी वायुदलाचे काळीज, भोवती छोटे छोटे उपतळ. ७ सप्टेंबरच्या पहाटे आधी आदमपूरहून १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या पुढारपणाखाली गेली. पाठोपाठ हलवाऱ्याहून हंटर निघाले. २७चे स्क्वाड्रन लीडर डी. एस. जोग यांच्याबरोबर, सातचे विंग कमांडर झकारियांबरोबर. आदल्या संध्याकाळी रावली गेले होते, दोन विमाने तळावर पडली होती, आणि काही तासांतच हीच स्क्वाड्रन शत्रूच्या सर्वात राखलेल्या तळाकडे निघाली होती.

अंतर सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास. रडार चुकवायला जमिनीलगत उडायचे, आणि खाली उडताना जेट इंजिन इंधन अक्षरशः पिते. म्हणून जास्तीच्या टाक्या. टाक्या असल्या की विमान जड. शत्रू दिसला की टाक्या सोडून द्यायच्या, पण सोडल्या की परतीच्या इंधनाचा घोर. त्यातून पहिल्या हल्ल्याने सरगोधा जागे झालेले. मागून जाणाऱ्यांना जागा झालेला शत्रू भेटणार, हे उघड होते.

झकारियांच्या तुकडीतले स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार परतले नाहीत. आलमच्या सेबरने परतीच्या वाटेवर त्यांना सांगला हिलच्या परिसरात गाठले. मी एकदा घरातल्या नकाशावर पट्टी ठेवून सरगोधा ते हलवारा रेघ मारली. सांगला हिल जवळजवळ त्या रेघेवरच येते, सरगोध्यापासून पाव वाटेवर. म्हणजे दोघे बरोबर घरच्या दिशेला होते. ती रेघ मी अजून पुसलेली नाही.

२७चे स्क्वाड्रन लीडर काकर हेही त्या सकाळी परतले नाहीत. ते पॅराशूटने उतरले आणि युद्धकैदी झाले. भारतीय नोंदींप्रमाणे त्यांचे इंजिन बंद पडले होते.

मग आलमने मिनिटभरात पाच हंटर पाडले, हे खरे की खोटे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा राग असतो.

पाकिस्तानचा अधिकृत दावा पाचाचा आहे, आणि तिथे ते पाठ्यपुस्तकासारखे सांगितले जाते. आलम हा विलक्षण नेमबाज होता, यात मला काडीची शंका नाही. सातने त्याच्यामुळे फार सोसले. पण त्या सकाळी हलवाऱ्याला न परतलेली हंटर मोजली तर भागवत, ब्रार आणि काकर. दोन, किंवा काकरांचे विमान त्याच्या खात्यावर घातले तर तीन. चौथे आणि पाचवे कुणाचे? स्क्वाड्रनमध्ये माणसे मोजकी, प्रत्येकाला घर, प्रत्येक विमानाला क्रमांक. सहा दशकांत आणखी दोन वैमानिक किंवा दोन विमाने लपून राहिली असती हे पटण्यासारखे नाही. पाकिस्तानातल्या काही निवृत्त वैमानिकांनीही पाचाच्या आकड्यावर उघड शंका घेतली आहे.

मग तो खोटे बोलला का? मला तसे म्हणावेसे वाटत नाही. वेगवान झटापटीत वैमानिक गोळी झाडतो, समोरच्या विमानातून धूर किंवा सांडणारे इंधन दिसते, आणि पुढच्या क्षणी त्याला दुसरीकडे वळावे लागते. जमिनीवर कोसळताना पाहायला कुणी थांबत नाही. जखमी विमान धुरासकट घरी पोचूही शकते. तोफेबरोबर चालणाऱ्या कॅमेऱ्याची फीतही लागल्याचे दाखवते, पडल्याचे नेहमीच नाही.

म्हणून माझी एकच विनंती. पाच की दोन, या भांडणात भागवत आणि ब्रार यांना नुसता आकडा करू नका. दोन म्हणजे ‘फक्त दोन’ नव्हेत.

आपल्या बाजूचे दावे तरी नेमके होते का?

नाही. वर हलवाऱ्याचा प्रसंग पुन्हा वाचा. गांधींच्या नावावर एक सेबर, राठोडांच्या नावावर एक, नेबच्या नावावर एक. झाली तीन. आली होती तीन, पण पडली दोन, कारण सेसिल चौधरी सुखरूप परतला. तिघांच्या शौर्याला याने उणेपणा येत नाही. गांधींनी झाडलेल्या गोळ्या खऱ्या होत्या. पण जो काटा आपण आलमला लावतो, तोच आपल्यालाही लावायला हवा.

पिंगळे पुन्हा कधी उडाले?

दहा दिवसांनी. ६ तारखेला स्वतःच्या तळावर विमान गमावलेला हा तरुण १६ सप्टेंबरला पुन्हा हंटरमध्ये होता, आणि समोर कोण यावे? आलमच.

त्या दिवशी पिंगळे पुढे, त्यांचा जोडीदार फ्लाइंग ऑफिसर फारोख दारा बुनशा. समोर आलम आणि त्याचा जोडीदार, नवखा फ्लाइंग ऑफिसर शौकत. दोनास दोन. आलमने बुनशाचे विमान पाडले, बुनशा गेले. पिंगळ्यांनी शौकतचे सेबर पाडले, तो पॅराशूटने उतरला आणि आपल्या हाती कैदी म्हणून सापडला. दोन्हीकडचे पुढारी परतले, दोन्हीकडचे जोडीदार परतले नाहीत. पिंगळ्यांना या लढाईसाठी वीर चक्र मिळाले आणि पुढे ते एअर मार्शल झाले.

बुनशा यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. पुढच्याच्या शेपटीकडे नजर ठेवायची आणि त्यासाठी स्वतःची शेपटी उघडी टाकायची, हे जोडीदाराचे काम. पिंगळ्यांना सेबर मिळाले, पण बुनशांच्या मागे आलम होता. वीर चक्राची ही गोष्ट सांगताना दुसरे नाव गाळू नये.

स्क्वाड्रनचे शेवटचे नुकसान कोणते?

२० सप्टेंबर, लाहोर-कसूरच्या बाजूला. सातची हंटर आणि नॅट विमाने एकत्र होती, सेबरशी गाठ पडली. फ्लाइट लेफ्टनंट डी. पी. चटर्जी गेले. एस. के. शर्मा यांचेही विमान पडले, पण ते बाहेर पडून वाचले. नॅटमधल्या फ्लाइट लेफ्टनंट ए. के. मझुमदार यांनी एक सेबर पाडले. २३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धविराम झाला. चटर्जींना तीन दिवस कमी पडले.

या लढायांत मराठी माणसे कोण होती?

पिंगळे, भागवत आणि शेजारच्या २७ स्क्वाड्रनचे जोग ही आडनावे वाचताच मराठी वाचक थबकतो, आणि थबकावेच. जोग यांनाही वीर चक्र मिळाले. आणखी एक नाव अनेकांना ओळखीचे वाटेल, दिलीप परुळकर. १९७१मध्ये युद्धकैदी होऊन रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट १९७२मध्ये साथीदारांसह निसटलेले आणि लंडी कोतलजवळ पुन्हा पकडले गेलेले ते हेच. १९६५मध्ये ते हंटर उडवत. गोळी लागून जखमी झाल्यावरही त्यांनी विमान तळावर परत आणले, त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले.

मात्र ही स्क्वाड्रन कुणा एका प्रांताची नव्हती. रावली, झकारिया, भागवत, ब्रार, गांधी, बुनशा, चटर्जी, शर्मा. एकाच तळावर, एकाच मेसच्या टेबलाभोवती बसणारी ही माणसे.

‘बेपत्ता’ अशी नोंद का होत असे?

कारण जे शत्रूच्या हद्दीत पडले त्यांचे काय झाले, हे तळाला कळायला मार्गच नसे. सोबतच्याने पॅराशूट उघडताना पाहिले तर आशा. नाही पाहिले तर वाट पाहणे. कैद्यांची यादी येईपर्यंत घरच्यांच्या हाती तेवढा एकच शब्द असे.

हे सत्य कधीकधी किती उशिरा उजेडात येते, याचे उदाहरण त्याच ७ सप्टेंबरचे आहे. १ नंबर स्क्वाड्रनचे स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या सरगोध्याहून परतले नाहीत. त्यांनी आपल्या मिस्टेअरने त्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटर पाडले होते, पण ते पाहणारा आपल्याकडचा कुणी नव्हता. पाकिस्तानी बाजूच्या वृत्तांतातून ती झुंज पुढे आली आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले ते १९८८मध्ये. तेवीस वर्षांनी. भागवत आणि ब्रार यांच्या शेवटच्या क्षणांचा साक्षीदारही मुख्यतः शत्रूच.

स्क्वाड्रन आज आहे का?

आहे. १९८५मध्ये मिराज-२००० आली आणि ग्वाल्हेर हे घर झाले. १९९९मध्ये कारगिलला टायगर हिलवर लेसरच्या नेमाने बाँब टाकणारी मिराज याच स्क्वाड्रनची.

या वैमानिकांची नावे कुठे वाचायला मिळतील?

दिल्लीत इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुले झाले. एकात एक अशी चार वर्तुळे आहेत, त्यातले त्याग चक्र ग्रॅनाइटच्या भिंतींचे. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावे त्या दगडांवर कोरलेली आहेत. गर्दीच्या दिवशी लोक फोटो काढत पुढे सरकतात. तुम्ही वेळ काढून जा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. १९६५ची वायुदलाची नावे शोधा. सातच्या पाच जणांतली दोन ७ सप्टेंबरच्या एकाच सकाळची आहेत.